एकशे एकावी बाटली

१ जानेवारी २०१३, मंगळवार

ही डायरी पतसंस्थेची, फुकटची. पहिल्याच पानावर चेअरमनचा फोटो आहे आणि तो मीच साफ केलाय. खऱ्या चेअरमनच्या गालावर देवीचे व्रण आहेत, डायरीतल्या चेअरमनचा गाल लोण्यासारखा. माझं कामच ते. विश्रांतवाडीच्या चौकात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं मिळतं. माणूस कसाही असो, कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत त्याचा चेहरा गुळगुळीत करून देतो. नमुना म्हणून आमच्या मंडळाच्या अनंताचा गाल घेतो. त्या गड्याचं कातडं उन्हाळ्यापासून असं काही सुधारलंय की बघतच राहावं. नशीब एकेकाचं.

माझं नशीब म्हणजे सत्तावीस वर्षांचा झालो तरी तोंडभर फोड. साध्या पुटकुळ्या नव्हेत, गाठी. दुखतात, पिकतात, उशीचा अभ्रा रोज बदलायला लागतो. आई म्हणते, लग्न झालं की जातील. अगं पण यांच्यामुळे लग्नच होईना, त्याचं काय? जायफळ झालं, मुलतानी माती झाली, टूथपेस्टसुद्धा लावून झाली. शेवटी डिसेंबरात गुपचूप शनिवार पेठेत डॉक्टर श्यामलाबाईंकडे गेलो. एवढ्या लांब अशासाठी की आमच्या भागातलं कुणी तिथे भेटणार नाही.

बाई साठीच्या. इतके दिवस कुठे होतात म्हणाल्या. मी म्हटलं, दुकान असतं. "आमचंही असतं," बाई म्हणाल्या आणि रक्त तपासायची चिठ्ठी लिहायला लागल्या.

रिपोर्ट चांगला आला तेव्हा कॅप्सूल दिली. रोज जेवणावर एक, सहा महिने, दर महिन्याला रक्ताची तपासणी. सूचना वाचून दाखवून सही घेतली. ओठ फाटतील, सांधे दुखतील. मन उदास झालं किंवा चिडचिड वाढली तर वाट न बघता कळवायचं. दारू नाही. आणि रक्तदान अजिबात नाही, औषध चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावरही महिनाभर. ते रक्त गरोदर बाईला चढलं तर पोटातलं मूल व्यंग घेऊन येऊ शकतं. मी घाबरून विचारलं, मग माझं लग्न झालं तर? "तुमच्या मुलाबाळांना त्याचं काही नाही," बाई म्हणाल्या. "पण तुमचं रक्त बाटलीतून कुणाकडे जाईल, ते तुम्हाला सांगता येतं का?"

रोज लिहून आणा म्हणाल्या. ओठ, सांधे, मूड. म्हणून ही डायरी.

ओठ: फाटलेत. सांधे: ठीक. मूड: हे काय लिहायचं असतं का?

५ जानेवारी, शनिवार

कॅप्सूलचं घरात फक्त शालूवहिनीला माहीत आहे. वहिनी म्हणजे संपतदादाची बायको. आईला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत आख्ख्या आळीला कळेल. त्या पाकिटावर पोटुश्या बाईचं चित्र आहे आणि तिच्यावर लाल फुली. हे बघून कोण मुलगी देणार?

आज धुण्याला टाकलेल्या पँटीतून पाकीट खाली पडलं. वहिनीने उचललं, बराच वेळ बघत राहिली, मग दोन बोटांनी धरून खिडकीत ठेवलं आणि मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले. ती मला सख्ख्या बहिणीसारखी. तिलाही माझी किळस वाटायला लागली म्हणजे संपलंच.

तसंही हल्ली वहिनीचं काही खरं नाही. कळशी उचलत नाही, फोडणी पडली की बाहेर ओट्यावर जाऊन बसते. आई सगळं करते आणि चकार शब्द काढत नाही, हे अजून मोठं नवल. मागच्या वर्षी वहिनी दोनदा दवाखान्यात होती, तेव्हापासून घरात तिला कुणी काही बोलतच नाही.

९ जानेवारी, बुधवार

दत्तोबाने स्थळ आणलंय! दत्तोबा म्हणजे आमच्या मंडळाचा अध्यक्ष. मुलगी त्याच्या बायकोची भाची, लोहगावची, बँकेत लागलीय. तीन फेब्रुवारीला, रविवारी, ते लोक घरी येणार. बायोडेटाला फोटो मागितला. मी अर्थात साफ करून दिला.

आता बोंबला. फोटोतला मी वेगळा, घरातला मी वेगळा. पंचवीस दिवस हातात. एका कॅप्सूलने सहा महिने लागत असतील तर दोननी तीन लागतील, पंचवीस दिवसांत काहीतरी फरक दिसेलच. आजपासून दोन घेतो. श्यामलाबाईंना डायरी दाखवायच्या वेळी हे पान चिकटवून टाकीन.

१६ जानेवारी, बुधवार

तिळगुळाची वडी चावताना ओठ चिरला, रक्त आलं. गुडघे म्हाताऱ्यासारखे कुरकुरतात.

आज एका गिऱ्हाइकाला हाकलून दिलं. आजोबांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स, आणि म्हणे आजोबा हसताना दाखवा. मी म्हटलं, तुम्ही हसवा, मग मी छापतो. तो चिडला, मी त्याच्याहून चिडलो, माउस भिंतीवर आपटला. परवा दादाशी भांडण, त्याआधी रिक्षावाल्याशी. लोक फार माजलेत या वर्षी.

मूड: माझा ठीक. लोकांचा खराब.

२१ जानेवारी, सोमवार

जेवताना उगाचच रडू आलं. मिरची तिखट असेल.

मंडळाची बैठक झाली. सव्वीस जानेवारीला रक्तदान शिबिर. बैठकीनंतर सगळे धाब्यावर गेलो. अनंताने बिअर नको म्हटलं, त्याचं हे आता नेहमीचंच. खिशातून मलमाची डबी काढून सारखा ओठांना लावत होता, बायकांसारखा. पोरांनी खेचली तर डबी खिशात टाकली. देखण्या माणसाचे नखरे, दुसरं काय.

२५ जानेवारी, शुक्रवार

शिबिराचा फ्लेक्स छापला. दहा बाय वीसचा. 'एकाच दिवशी १०१ रक्तदाते! सर्व दात्यांचे हार्दिक आभार!' खाली मंडळाच्या बावन्न जणांचे चेहरे, सगळ्यांना अनंताचं कातडं. शिबिर उद्या आणि आभार आजच, पण आपल्याकडे पद्धतच ती. उद्या सकाळी चौकात लागला नाही तर शेजारचं मंडळ जागा अडवतं. त्यांच्या गेल्या वर्षी नव्व्याण्णव बाटल्या झाल्या होत्या, म्हणून दत्तोबाला एकशे एक हव्यात.

२६ जानेवारी, शनिवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

शाळेच्या पटांगणात मांडव. सकाळपासून रांग होती. अनंताने सातव्या नंबरला दिलं. दत्तोबा स्वतः टेबलाशी बसून पोरांचे फॉर्म भरत होता. ताप होता का, कावीळ झाली का, औषध चालू आहे का, असे बरेच प्रश्न असतात. दत्तोबा 'नाही'च्या रकान्यातून वरून खाली एकच रेघ ओढायचा आणि पोराला सही कर म्हणायचा. रांग त्यामुळे भराभर सरकत होती.

चार वाजता शंभर झाल्या आणि थांबलं. एक पोरगा वजनात बसला नाही, एकाने नुकतंच गोंदवून घेतलेलं, एकाचा उपास. रक्तपेढीची माणसं सामान बांधायला लागली. दत्तोबाने मांडवभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी म्हटलं, पित्त झालंय. तो हसला आणि म्हणाला, फ्लेक्स तूच छापलास की. वीस-पंचवीस पोरं भोवती उभी. तीन तारखेचं स्थळ ह्याच माणसाच्या हातात. त्याने फॉर्मवर रेघ ओढली आणि पेन माझ्यापुढे केलं.

विसरलो होतो असं नाही. श्यामलाबाईंचा शब्द न् शब्द आठवत होता, आणि मी सही केली.

झोपून रबरी चेंडू दाबत होतो तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. बिस्किटं मिळाली, एक डबा मिळाला आणि नंबर असलेलं कार्ड.

२७ जानेवारी, रविवार

एका बाटलीने काय होतंय! एवढ्या मोठ्या शहरात ती नेमकी पोटुश्या बाईलाच कशाला जाईल?

दुकानात बसवेना. चार वेळा चौकात जाऊन फ्लेक्स बघून आलो. खालच्या ओळीत माझा चेहरा आहे, डाग नाही की खड्डा नाही.

२८ जानेवारी, सोमवार

सकाळी वहिनी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, चक्कर येऊन पडली. दादा तिला रिक्षात घालून घेऊन गेला. मी आईवर ओरडलो, तिला झालंय काय ते मला कोणी सांगेल का? आई पदराने डोळे पुसत म्हणाली, तिसरा लागलाय. मागच्या वर्षी दोन्ही खेपेला वाया गेलं, म्हणून ह्या वेळी कुणालाच बोलली नाही, तुलाबी नाही. पाकिटावरची बाई, खिडकीत ठेवलेलं पाकीट, साबणाने धुतलेले हात. अरे देवा. आणि मी तिच्यावर आठ दिवस रुसून होतो.

संध्याकाळी वहिनी घरी आली, पांढरीफटक. मी तिच्याजवळ पाटावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. दोन कॅप्सूल, रेघ, सही, बाटली.

"भाऊजी," ती म्हणाली, "माझं रक्त कमी आहे. वाढलं नाही तर बाटली चढवायला लागेल, असं आज डॉक्टर म्हणाल्या. तुमच्या त्या बाटलीची माझ्यासारखीच कुणीतरी वाट बघत असेल."

लगेच रक्तपेढीला फोन करा म्हणाली. तीनदा लावला. समोरचा 'बोला' म्हणाला की मी ठेवून द्यायचो. मला स्वतःची शरम वाटते.

२९ जानेवारी, मंगळवार

दहाला रक्तपेढीत हजर. खिडकीत शरच्चंद्र नावाचे गृहस्थ होते. पेठेतले असावेत, चष्मा दोरीला बांधलेला. काय हवंय म्हणाले. मी म्हटलं, रक्त परत हवंय.

"ते परत घेत नाहीत. कापडाचं दुकान पलीकडे," ते म्हणाले.

मग मी सांगत गेलो आणि ते ऐकत गेले. मध्येच त्यांनी चष्मा काढला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. माझा फॉर्म शोधून समोर ठेवला.

"ही रेघ तुमची?"

"दत्तोबाची."

"सही?"

"माझी."

ते आत जाऊन आले. एका बाटलीचे तीन भाग करतात म्हणे. लाल भाग फ्रीजमध्ये होता, पिवळं पाणी गोठवलेलं होतं. तिसरा भाग, प्लेटलेट्स, कालच दुपारी एका हॉस्पिटलला गेला होता. कुणाला, ते सांगता येत नाही म्हणाले. मी हात जोडले, बाई की पुरुष एवढं तरी सांगा. ते त्यांना कागदावर दिसत नव्हतं, हॉस्पिटलला विचारायला लागणार होतं. म्हणाले, उद्या फोन करतो. गोठवलेलं पाणी बाद केलं आणि लाल पिशवी माझ्यासमोर आणून तिच्यावर 'वापरू नये'ची चिठ्ठी चिकटवली. दुधाच्या पिशवीएवढी पिशवी. मी तिच्याकडे नीट बघूही शकलो नाही.

काल दुपारी गेला. म्हणजे मी परवा आलो असतो, शनिवारीच तोंड उघडलं असतं तर.

३० जानेवारी, बुधवार

दुकान उघडलं आणि बंद केलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. आई म्हणाली, "काय झालंय रं तुला? सारखा फिरतोयस." तिला काय सांगू?

चालत सुटलो. रस्त्यात जिकडेतिकडे पोटुश्या बायाच दिसत होत्या. रसवंतीपाशी एक, बसस्टॉपवर दोघी. एरवी कुठे असतात या सगळ्या? येरवड्यापर्यंत पोचलो, जेलच्या भिंतीशेजारी होतो तेव्हा फोन वाजला. चार वीस.

"पुरुष आहे. वय एकसष्ट," शरच्चंद्र म्हणाले. "पुढच्या वेळी आधी या."

मी तिथेच फूटपाथवर बसून रडलो, पोटभर. एका शिपायाने येऊन विचारलं, कोण आत आहे का तुमचं? मी नाही म्हटलं. मग पुढे व्हा, म्हणाला.

३१ जानेवारी, गुरुवार

सकाळी शनिवार पेठेत गेलो. पान न चिकटवता डायरी श्यामलाबाईंच्या पुढे ठेवली. त्यांनी सावकाश वाचली. "नऊ तारखेपर्यंत तुम्ही नुसते चिडखोर होतात," म्हणाल्या, "पुढे असह्य झालात. लोक माजलेले नाहीत, डोस वाढलाय." औषध तूर्त बंद, आजच रक्त तपासायचं, आणि मनात काही वाईटसाईट विचार येतात का ते दोन-तीनदा विचारलं. खरं तेच सांगितलं, रडू येतं, बाकी काही नाही. चार दिवसांनी पुन्हा बोलावलंय, एकट्याने यायचं नाही म्हणाल्या.

दुपारी दत्तोबाकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं, त्या रेघेचंही. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "बाटली काढली ना? मग आता आकडा कशाला काढतोस?"

आकडा काढायचा आहे हे मी बोललोच नव्हतो. त्याने ओळखलं. मी म्हटलं, मला त्या फ्लेक्सखालून रोज जाता येणार नाही. तो म्हणाला, मग रविवारचं विसर.

दुकानात येऊन एकच शून्य छापलं, हातभर उंचीचं. शिडी लावून शेवटच्या एकावर चिकटवलं. शंभर. शेजारी जागा होती तिथे दुसरी पट्टी लावली: 'एकशे एकावी बाटली माझी होती. माझं त्वचेचं औषध चालू होतं, मी फॉर्मवर लिहिलं नाही. तुम्ही लिहा. मच्छिंद्र, फ्लेक्सवाला.' खालच्या ओळीतला माझा फोटोही बदलला. आहे तसा लावला, फोडांसकट.

चौकातली पोरं बघत होती. शिडी धरायला कुणी आलं नाही.

३ फेब्रुवारी, रविवार

आईला काल रात्रीपर्यंत आशा होती. दत्तोबाचा राग घटकेचा असतो, येतील ते लोक, असं म्हणत तिने आज पोहे भिजवलेच. अकरा वाजले, बारा वाजले. कुणी आलं नाही. आईने पट्टीबद्दल मला अजून एक शब्द विचारलेला नाही आणि मला ते सहन होत नाही.

साडेबाराला अनंत आला. आईने त्याच्यापुढे ताटली ठेवली. त्याने घास उचलला आणि परत ठेवला. त्याचे ओठ पांढरे, भेगाळलेले. मी इतके दिवस ते बघत होतो आणि मला काही म्हणता काही सुचलं नव्हतं.

"मच्छ्या," तो हळूच म्हणाला, "तुझ्या गोळीच्या पाकिटावर बाईवर फुली आहे का रे?"

वहिनी दारात उभी होती. मी उत्तर द्यायच्या आत तिने माझ्या गाडीची किल्ली आणून हातात दिली.

अनंत तीच गोळी उन्हाळ्यापासून घेतोय. कॅम्पातल्या डॉक्टरकडून, घरी पत्ता नाही, हॉलमार्क असल्यासारखा तो चेहरा मिरवत होता आणि आतून घाबरलेला होता. त्यालाही सही करताना सांगितलं होतं. त्याच्याही फॉर्मवर रेघच. तसेच रक्तपेढीत गेलो. रविवार असून शरच्चंद्र होते. मला बघून म्हणाले, आता काय? मी अनंताला पुढे केलं.

ते आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. अनंत भिंतीला टेकून उभा, घामाने ओला. मग ते लाल पिशवी घेऊन आले. पिवळं पाणी गोठवलेलंच होतं, प्लेटलेट्स कुणाला दिल्याच नव्हत्या, मुदत संपून टाकून दिल्या होत्या. पण लाल पिशवी बाजूला काढून ठेवलेली होती. तिला एक चिठ्ठी बांधलेली होती, पेशंटच्या नावाची.

"उद्या सकाळी आठला जाणार होती," शरच्चंद्र म्हणाले. "प्रसूतिगृहात. सहावा महिना आहे." दुसरी पिशवी आजच शोधतो, तिचं काही अडणार नाही, असंही म्हणाले. चिठ्ठीवरच्या नावावर त्यांनी अंगठा ठेवला होता. ते नाव मला दिसलं नाही, आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही. निघताना त्यांनी विचारलं, अनंताला इकडे यायचं सुचलं कसं? अनंत म्हणाला, चौकात पाटी वाचली.

येताना दुकान उघडलं. शिडी अनंताने धरली. नव्व्याण्णव.

घरी आलो तर वहिनी दारातच होती. आम्ही सांगितलं आणि ती खाली बसून रडायला लागली. मग आईही रडली, आईला आत्ता कुठे सगळं कळलं. नंतर वहिनीने डोळे पुसले, सकाळचे पोहे गरम करायला लावले आणि महिन्याभरात पहिल्यांदा दोन ताटल्या खाल्ल्या.

ओठ: फाटलेलेच. सांधे: दुखतात. मूडपुढे काय लिहू म्हणून वहिनीला विचारलं. ती म्हणाली, राहू द्या ते, गार होतायत, आधी पोहे खा.